1908 नंतर यादीत नाव नाही, म्हणजे खेळणं थांबलं असं नाही

जुन्या फ्रेंच फुटबॉलपटूवरच्या लेखाबद्दलचा तुमचा प्रश्न वाचला: त्याच्या सामन्यांची संख्या दोन याद्यांत जुळत नाही आणि अभिलेख कार्यालय पत्राला उत्तर देत नाही. उत्तर फ्रान्समधल्या रुबे शहराच्या क्लबचा हौशी खेळाडू, 1906 ते 1908 दरम्यान फ्रान्सच्या संघात, पुढे यादीतून गायब, म्हणून मसुद्यात तुम्ही 'दुखापतीमुळे निवृत्त झाला असावा' असं लिहिलंय. ते वाक्य आधी काढा. हीच चूक माझ्याकडूनही झाली होती आणि सगळ्यांत जास्त वेळ तिनेच खाल्ला, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

1908 पर्यंत फ्रान्सचा संघ यूएसएफएसए ही हौशी क्रीडा संघटना निवडायची. 1904 साली फिफाची स्थापना झाली तीही पॅरिसमध्ये, याच संघटनेच्या जागेत. इंग्लंडमध्ये 1907 साली हौशी गट तिथल्या मूळ फुटबॉल असोसिएशनपासून फुटला, फिफाने त्याला सदस्यत्व नाकारलं आणि त्याची बाजू घेऊन यूएसएफएसए 1908 मध्ये फिफातून बाहेर पडली. रिकाम्या जागेवर शार्ल सिमों यांची सीएफआय ही दुसरी संघटना आली. तिचा मोठा आधार कॅथलिक पात्रोनाज, म्हणजे धार्मिक युवक मंडळांचे संघ. तेव्हापासून फ्रान्सचा अधिकृत संघ सीएफआय निवडू लागली आणि यूएसएफएसएच्या क्लबांतले खेळाडू कितीही चांगले असले तरी त्यांना दार बंद झालं. रुबेचा रासिंग क्लब यूएसएफएसएचा, त्या संघटनेचं विजेतेपद त्याने 1902, 1903, 1904, 1906 आणि 1908 असं पाच वेळा जिंकलेलं. म्हणजे तुमचा खेळाडू बहुधा क्लबकडून खेळतच होता, फक्त त्याची संघटना चुकीच्या बाजूला होती.

उलट बाजू अशी: अझेन मायेस हा खेळाडू पात्रोनाज ऑलिएमधून रेड स्टार या क्लबात आला. रेड स्टार 1910 मध्ये यूएसएफएसए सोडून सीएफआयच्या बाजूला गेलेल्या क्लबांपैकी एक. म्हणून मायेसला संधी मिळाली आणि 11 सामन्यांत त्याने 15 गोल केले. 1913 मध्ये यूएसएफएसए सीएफआयमध्ये सामील झाली आणि त्याच वर्षी रुबेचा रेमों द्युब्ली संघात आला. पुढे तो 31 सामने खेळला. कोणाचीही कारकीर्द लिहिताना त्याचा क्लब त्या हंगामात कोणत्या संघटनेत होता हे आधी लिहून काढा. माझ्या मते गोलांच्या आकड्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

1909 ते 1912 मध्ये यूएसएफएसएचा स्वतःचाही 'फ्रान्स' संघ खेळत होता. 1911 मध्ये रुबेलाच फिफाबाहेरच्या हौशी संघटनांची स्पर्धा झाली, ती बोहेमियाने (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) जिंकली. हे सामने आजच्या अधिकृत यादीत नाहीत, पण वर्तमानपत्रांत आहेत. तुमचा माणूस तिथे शोधा.

दोन याद्यांत दोन सामन्यांचा फरक येतो, त्याचं कारण बहुधा 1 नोव्हेंबर 1906 चा 0-15 आणि मार्च 1908 चा 0-12 हे दोन पराभव असणार. समोर इंग्लंडचा हौशी संघ होता. फ्रान्स हे सामने मोजतो, इंग्लंड पूर्ण आंतरराष्ट्रीय म्हणून मोजत नाही. कोणती यादी वापरली ते लेखात स्पष्ट लिहा, दोन्हींची सरासरी काढू नका.

वर्तमानपत्रं फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संग्रहात फुकट वाचता येतात. तेव्हा नुसतं 'फुटबॉल' म्हणजे बऱ्याचदा रग्बी, आपला खेळ 'असोसिएशन' या नावाखाली सापडतो, आणि फुट व बॉल यांच्यामध्ये आडवी रेघ असते. आडनावाने शोधलं तर यंत्राने चुकीची वाचलेली अक्षरं आडवी येतात. तारीख आणि प्रतिस्पर्धी संघ टाकून शोधा. शनिवार-रविवारच्या अंकातला संघ हा जाहीर केलेला असतो, प्रत्यक्ष कोण उतरलं ते सोमवार-मंगळवारी कळतं. या दोन अंकांची गल्लत झाली की न खेळलेला सामना खात्यावर जमा होतो. नावांचा क्रम साधारण गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन मधले, पाच आघाडीचे असा असतो, त्यावरून जागा कळते. भावांपासून सावध राहा: 1904 च्या पहिल्याच सामन्यात बिलो आडनावाचे दोघे होते.

कार्यालय उत्तर देत नाही याचा राग मला समजतो. एका अभिलेख कार्यालयाने 'अशी व्यक्ती आमच्याकडे नाही' एवढं एकच वाक्य पाठवलं होतं आणि नोंद तिथेच होती. पत्रात 'फुटबॉलपटू अमुक' असं लिहिलं तर हेच होतं, कारण हौशी माणसाची नोंद कारकून, विणकर, व्यापारी अशी असते. लष्करी भरतीची नोंदवही मागा. जन्मवर्षात 20 मिळवले की भरतीचा वर्ग निघतो, 1884 चा जन्म असेल तर 1904 चा वर्ग. सोबत तेव्हाच्या राहत्या जिल्ह्याचं भरती केंद्र द्या. त्या पानावर व्यवसाय, उंची, रेजिमेंट आणि पुढचे बदललेले पत्ते तारखांसह मिळतात. क्लब मध्येच का बदलला याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं, कारण सैनिकी सेवेत ज्या गावी छावणी, त्या गावचा क्लब. नोंदी मागवण्याचे नियम बदलत असतात, तेवढं आधी तपासा.

मृत्यूची तारीख मिळत नसेल तर जन्मनोंदीचा समास बघा. तिथे लग्नाची नोंद 1897 पासून सापडते, मृत्यूची मात्र 1945 पासून. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांसाठी संरक्षण खात्याचा 'मेम्वार देझ ऑम' संग्रह आहे. तिथे जन्मतारीख जुळल्याशिवाय नाव उचलू नका. आणि रुबेची स्थानिक वर्तमानपत्रं 1914 ते 1918 साठी शोधत बसू नका, ते शहर ऑक्टोबर 1914 पासून चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात होतं.