शिळ्या रसाला तार का सुटते?

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. तोडलेला ऊस तीन-चार दिवस पडून राहिला की रस बुळबुळीत होतो. साखरेचं नेमकं काय होतं?
– एक वाचक, कराड

उत्तर : उसाच्या कापलेल्या टोकांतून ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात. त्यांचं एक विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) साखरेचा रेणू तोडतं, फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडत डेक्स्ट्रानची लांबलचक साखळी विणतं. तीच ही तार.

याच घराण्यातल्या एका विकराची रचना २०१० साली नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी उलगडली. ते विकर लॅक्टोबॅसिलस या दुसऱ्या जिवाणूचं होतं. ते चित्र प्रथम पाहिलं तेव्हा मी वर्गात सुतळी घेऊन गेले होते. प्रथिनाचा धागा खाली उतरतो, तळाशी वळतो आणि आल्या वाटेने वर चढतो. त्याचे पाच भाग. तळाचा तेवढा सलग धाग्याचा, बाकीचे चारही उतरत्या आणि चढत्या धाग्यांनी मिळून घडलेले. इतकी देखणी घडी मी क्वचितच पाहिली आहे!

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे, रस उकळला की विकर निकामी होतं, पण तोवर विणलेलं डेक्स्ट्रान काहिलीत तसंच राहतं. म्हणून तोड झाली की शक्यतो त्याच दिवशी ऊस गाळा आणि चरक रोज धुवा.