कोठ्यात मरतुकडं मांजर सापडलंय, काही खात नाही. काय करावं?

जगू शकतं, पण समोर दुधाची वाटी ठेवली असेल तर आधी ती उचला. गाईचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, आणि हगवण लागली की अंगातलं उरलंसुरलं पाणीही जातं.

अंग गार लागत असेल तर पहिले ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गारठलेल्याला भरवायची घाई नको. मग कोंबडी शिजवलेलं कोमट पाणी: मीठ, कांदा, लसूण काही नाही. बिनसुईच्या सिरिंजने, गालाच्या कडेने, थेंब थेंब.

मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. तशीच उभी राहिली तर पाणी कमी पडलंय, ढोरांच्या दवाखान्यात न्या. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तरी न्याच; पिसवा रक्त पिऊन पिऊन ही गत करतात. आणि दोन दिवस पोटात काहीच गेलं नाही तर थांबू नका, मांजराचं लिव्हर उपाशीपणी बिघडतं.

पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, पाव गोळीसुद्धा. मांजराला ते विष आहे. बैलांच्या गोचिडांचं औषधही लावू नका (गावात हा सल्ला हमखास मिळेल).

चावलं-ओरबाडलं तर जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा.