जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १४ वरून १० वर आलंय, मेकॅनिक इंजेक्टर क्लीनिंग सांगतोय, करू का?

आत्ता नको, थांबा जरा. गाडी २०११ ची, चेंबूर-अंधेरी रोजची ये-जा, मध्ये गाडी तापत होती म्हणून रेडिएटरचं काम झालं आणि ॲव्हरेज त्यानंतर पडलं असं तुम्हीच लिहिलंय ना, मग मला पहिला डाऊट त्या कामावरच येतो.

आपल्याकडे गाडी ट्रॅफिकमध्ये तापायला लागली की बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, 'मुंबईत कुठे थंडी पडते साहेब, गरजच नाय त्याची' असं म्हणून. गाडी तापायची थांबते, आपण पण खूश. पण इंजिन गरम होईपर्यंत, म्हणजे साधारण ८०-९० डिग्रीपर्यंत, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं लिक्विड) रेडिएटरकडे जाऊ न देणं हेच तर थर्मोस्टॅटचं काम आहे, तोच नसला किंवा उघडा अडकला की इंजिन धड गरमच होत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी अजून थंड आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, जुन्या पद्मिनीला चोक ओढून दिवसभर फिरवल्यासारखं. आमच्या गाडीत थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघडलं तर आत नुसतं गॅस्केट, थर्मोस्टॅटचा पत्ताच नाही! कोणी काढला, कधी काढला, देव जाणे, सेकंडहँड घेतलेली.

चेक करायला पैसे लागत नाहीत. सकाळी गाडी एकदम थंड असताना चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला अधूनमधून हात लावून बघा (फॅनपासून हात लांब, आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका). बहुतेक गाड्यांत होज बराच वेळ गार राहून मग एकदम गरम व्हायला हवा. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर समजा थर्मोस्टॅट नाहीये नाहीतर उघडा अडकलाय. गाडीला लावायचं ब्लूटूथवालं स्कॅनर मिळालं तर अजून बरं, चालत्या गाडीत कूलंटचं टेंपरेचर दिसतं, बाजूला कोणाला तरी बसवून बघायला सांगा. पार्ट फार महाग नसतो, तुमच्या मॉडेलचाच घ्या आणि सोबत कूलंट पण बदला, नळाचं पाणी भरू देऊ नका.

हे ठीक निघालं तर मग ब्रेक बघा. पावसाळ्यात गाडी बिल्डिंगखाली उभी राहिली की कॅलिपरच्या (डिस्क ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) पिना नाहीतर मागची हँडब्रेक केबल गंजून जाम होते आणि ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. ब्रेक फार न मारता थोडं चालवून थांबा, मग चारही रिमजवळ हात न्या, एखादी बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल तर तीच. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

टायरमधली हवा, एअर फिल्टर, प्लग हे तर बघालच. फक्त एवढंय की फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोक झाला तर पिकअप जातो, ॲव्हरेजला तेवढा फटका नसतो, त्यामुळे फिल्टर बदलून १४ परत येईल अशी आशा ठेवू नका.

आणि सगळे ई-२० ला (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) शिव्या देतायत, तुम्ही पण दिल्यात, थोडं खरं आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश एनर्जी कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की हिशोबाने ६-७ टक्क्यांचा फरक पडतो. १४ चे १३ झाले असते तर मी पण म्हटलं असतं सोडून द्या. १० होत नाहीत त्याने.

बाय द वे ॲव्हरेज काढताना एकाच पंपावर ऑटो-कटपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी परत तिथेच ऑटो-कटपर्यंत भरून भागाकार करा. काट्यावरून काढलेला आकडा घेऊन मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका, तो तुम्हाला गुंडाळेल. थर्मोस्टॅट, ब्रेक सगळं ओके असून पण आकडा १० च आला तर ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाईपमधला, पेट्रोल-हवेचं प्रमाण ईसीयूला कळवणारा) चेक करून घ्या, आणि त्याच्याही नंतर वाटलं तर ते इंजेक्टर क्लीनिंग.