तांडेलला विचारा : चढता येईल ती होडी घ्या

प्रश्न : तांडेलकाका, मी कांदिवलीला राहतो. वय ३४, वजन ८४ किलो. पोहण्याचा सराव तलावातला, आणि गेल्या वर्षी मालवणला स्कूबाचा पहिला कोर्स केला. मेहुणा न्यूझीलंडला असतो. तो कयाक या छोट्या चिंचोळ्या होडीने समुद्रात जातो, पाण्यात बुडी मारून भाल्याच्या बंदुकीने मासे मारतो. त्याचं बघून मलाही कयाक घ्यायची आहे. कधी स्पीअरफिशिंगला, कधी सिलिंडर घेऊन डायव्हिंगला. मेहुणा म्हणतो १४ फुटी घे. दुकानदार म्हणतो उंच खुर्चीची पेडलवाली घ्या, गळवाले सगळे तीच नेतात. बायको म्हणते हवा भरायची घ्या, घर दोन खोल्यांचं आहे. कोणाचं ऐकू? – एक वाचक

उत्तर : तिघांत बायकोचा मुद्दा सगळ्यात व्यवहारी आहे, पण तो पुढे घेतो. आधी दुकानदार.

मी वीस वर्षं गोदीत डायव्हर होतो. जहाजांच्या तळाला चिकटलेलं जे काही असेल ते खरवडायचं, पंख्यात अडकलेले दोर कापायचे, असली कामं. ते थांबल्यावर हौसेने पहिली कयाक घेतली ती अशाच एका दुकानदाराचं ऐकून. साडेदहा फुटी, रुंद, वर अॅल्युमिनियमच्या चौकटीची खुर्ची. बसायला राजेशाही. मढसमोर नांगर टाकला, पाण्यात उतरलो, वीस मिनिटांनी होडीपाशी आलो आणि वर चढता येईना. जिथे पोट टाकायचं नेमकी तिथेच खुर्चीची चौकट. तीनदा घसरलो, चौथ्यांदा अख्खी होडी अंगावर उलटली. शेवटी तिच्या कडेला धरून पाय मारत किनारा गाठला. नडगीवरचा व्रण अजून आहे. वेसाव्याच्या किनाऱ्यावर बायका मासळी निवडत बसल्या होत्या. जन्मभर पाण्यात काढलेला माणूस स्वतःची होडी ढकलत येतोय, हे त्यांनी बघितलं. पुढचा महिनाभर दुसरा विषय नव्हता.

गळवाला माणूस होडीत बसून राहतो, म्हणून त्याला खुर्ची महत्त्वाची. आपण होडी सोडून पाण्यात जातो आणि दमून, ओल्या हातांनी, लाटेत परत येतो. म्हणून दुकानात बसून बघू नका. खाली उतरून वर चढून बघा, तेही पाण्यात. ज्याच्याकडे पाण्यात चढून बघायची सोय नाही त्याच्याकडून घेऊ नका.

चढायची रीत सोपी आहे : पोट, बूड, पाय. पायातले फिन्स काढायचे नाहीत. होडीच्या मधल्या भागाला दोन्ही हातांनी धरायचं, पाय पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणून जोरात मारायचे आणि पोट होडीवर आडवं टाकायचं. मग कूस बदलून बूड बसकणीत, शेवटी पाय आत. यासाठी होडीची मधली जागा सपाट आणि मोकळी हवी, कडा पाण्यापासून फार उंच नको. खुर्ची असेलच तर पट्ट्यांनी बांधलेली, मऊ, आडवी पाडता येणारी. बसकण वरच्या बाजूला असलेलीच कयाक घ्या. तिच्या अंगात आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी त्यातून आपोआप खाली जातं. ज्यात पाय आत घालून बसतात ती थंड देशांतली. ती उलटली की पाण्याने भरते, आणि भर समुद्रात उपसत बसावं लागतं.

रुंदी ३० ते ३२ इंच. २८च्या खाली गेलात तर चढताना कलंडेल. ३५च्या वर गेलात तर वल्हवताना परातीत बसल्यासारखं वाटेल. लांबी १२ ते साडेतेरा फूट. मेहुण्याची १४ फुटी वाईट नाही, पाणी छान कापते, पण तो ती गाडीवर टाकून थेट मोकळ्या किनाऱ्यावर नेत असणार. तुम्हाला ती कांदिवलीतून काढायची आहे.

आता वजन. कागदावर जी क्षमता लिहिलेली असते, तेवढं भरलं की होडी बुडत नाही, पण पाणी सारखं बसकणीत येतं आणि वळता वळत नाही. लिहिलेल्याच्या सत्तर टक्के धरा. तुम्ही ८४, बुडी मारायला कमरेला बांधायची शिसं ५, सिलिंडर, त्याचं हवा भरायचं जॅकेट आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर मिळून साधारण २५, नांगर आणि दोर ४, पाणी-खाणं-फोनची पिशवी ६, बर्फ आणि मासळी ८. झाले १३२. म्हणजे कागदावर किमान १९० किलो हवेत. मागच्या बाजूला सिलिंडर आडवा बसेल एवढा खोलगट भाग आणि बांधायला पट्टे आहेत ना, हे तुमचा स्वतःचा सिलिंडर नेऊन बघा. परत चढताना सगळं अंगावर घेऊन चढायचं नाही. शिसाचा पट्टा आधी सोडून वर ठेवायचा, जॅकेटमध्ये हवा भरून ते दोराने होडीला अडकवायचं, स्वतः चढायचं आणि मग सिलिंडर ओढून घ्यायचा. क्रम उलटा केलात आणि हात सुटला, तर शिसाचा पट्टा तुम्हाला खाली नेईल.

पेडलची गोष्ट. पेडलचे पंख होडीच्या पोटाखाली हलतात. आमच्या समुद्रात बोंबलाच्या डोली, म्हणजे खुंटांना बांधलेली जाळी, लागलेल्या असतात, तुटकी जाळी तरंगत असतात, आणि पावसाळ्यानंतर प्लास्टिक इतकं की विचारू नका. पंखात एक पिशवी गुंतली की पाण्यात हात घालून कापत बसायचं. साधं वल्हं घ्या, २३० सेंटिमीटरच्या आसपास, आणि ते दोरीने होडीला बांधा. वल्हं वाहून गेलेली होडी म्हणजे ओंडकाच.

नांगराबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. तुम्ही खाली असताना होडी जागेवर राहिली नाही, तर बाकी सगळं फुकट. एकदा मी दोर आखूड टाकला होता, दहा मीटर पाण्यात पंधरा मीटर. वर आलो तर ओहोटीने होडी दीडएकशे मीटर लांब नेली होती. त्या दिवशी सोबतचा माणूस दुसऱ्या होडीत बसलेला नसता, तर हा स्तंभ दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण त्याच्या आणि दोराच्या मध्ये हातभर साखळी लावा, म्हणजे तो आडवा पडून रुततो. दोर होडीच्या नाकाला बांधा, कुशीला नको. कुशीला बांधलेली होडी ओढ वाढली की आडवी होऊन उलटते. दोराच्या होडीकडच्या टोकाला एक बोया असू द्या. घाई झाली तर दोर सोडून देऊन नंतर घेता येतो.

बंदूक होडीवर कधीही ताणायची नाही. पाण्यात उतरल्यावर ताणायची, चढण्याआधी सैल करायची, भाल्याच्या टोकाला बूच. किनाऱ्यावर मुलं जवळ येतात, बघायला मागतात.

आता जे सांगतो ते तुम्हाला आवडणार नाही. मुंबईत ही बंदूक वापरू नका. उल्हास-वैतरणेच्या खाड्यांचा गाळ, शहराचं सांडपाणी आणि चार-पाच मीटर चढउताराची भरती, यांनी पाणी इतकं ढवळलेलं असतं की बऱ्याच दिवशी स्वतःचा पसरलेला हात दिसत नाही. भाल्याचं टोक दिसत नसेल तर त्याच्यापुढे कोण आहे हेही कळत नाही. इथे कयाक शिका, चढउतर शिका, नांगर शिका. बुडी आणि शिकार खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी निवळतं तेव्हा. तिथेही मालवणचं सागरी अभयारण्य सोडून. ते १९८७ साली जाहीर झालं आहे आणि त्यात शिकार चालत नाही. जिथे उतराल तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे आधी जाऊन या. जाळं लावलेल्या माणसाला विचारून मगच त्याच्या खडकावर जा. अंड्यांवरची शेवंड दिसली तर सोडा. ओळख पटत नाही तो मासा मारू नका.

आणि सिलिंडर लावून शिकार नको. अनेक देशांत त्याला बंदीच आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यात मर्दुमकी काही नाही. खडकात झोपलेल्या हेकरू माशाला पळायला जागा नसते. एका दिवशी एकच काम करा, श्वास रोखून शिकार किंवा सिलिंडर लावून बघणं. श्वास रोखून बुडी मारण्याआधी भराभर लांब श्वास घेऊ नका. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा येते, आणि माणूस वर येता येता बेशुद्ध होतो. पट्टीचा पोहणाराही. खाली एक, वर एक, हा नियम. वर असलेल्याने खालच्यावरून नजर काढायची नाही. जेवढा वेळ खाली होतात त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. एकटे जाणार असाल तर कयाक घेऊच नका, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

वेळ कोणती, हे पंचांग सांगतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईत पूर्ण भरतीची वेळ निघते : अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, ओढ कमी, म्हणून नवशिके अष्टमी गाठतात. सहाच्या भरतीला उतरतात, बाराला परततात, तेव्हा पूर्ण ओहोटी आणि तीस किलोची होडी चिखलातून ओढायची. मी एकादशी धरतो. सातला निघतो, साडेदहाला परत. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्रात वाहतो, तो न्यायला मदत करतो, आणि उन्हं वर आली की खारा वारा घराकडे ढकलतो. दोन्हींत फार जोर असेल तर घरी बसा. आमची आई एकादशीला दर्यावर जाऊ द्यायची, आणलेलं खाऊ मात्र द्यायची नाही.

रंग पिवळा किंवा नारिंगी, कारण ट्रॉलरवरच्या माणसाला निळी-करडी होडी लाटेसारखीच दिसते. दीड मीटरच्या काठीवर डायव्हरचा झेंडा, लाल आणि त्यावर तिरपी पांढरी पट्टी. आपल्याकडे तो सगळ्यांना कळेल असं नाही, म्हणून शिट्टीही ठेवा. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक, फोन पाणीबंद पिशवीत आणि पिशवी अंगाला बांधलेली. होडीत ठेवलेला फोन होडीबरोबर जातो.

आता बायको. हवेची कयाक चांगली असते, लॉफ्टवर राहते, रिक्षातही जाते. पण ती हलकी, वाऱ्याने पतंगासारखी जाते, आणि आपले खडक कालवांच्या धारदार शिंपांनी भरलेले. एक कड घासली की संपलं. त्यात भाला, नांगर, शेवंडीचे काटे. नुसतं वल्हवायला शिकायचं असेल तर घ्या, डायव्हिंगला नको. पण साडेतेरा फुटी होडी तुमच्या लिफ्टमध्ये जाणार नाही आणि सोसायटी जिन्यात ठेवू देणार नाही, हे बायकोचं म्हणणं शंभर टक्के खरं. यावर उपाय घरात नाही, कोळीवाड्यात आहे. मढ, मार्वे, गोराईकडे कोणाच्या तरी अंगणात, सावलीत, महिन्याचे पैसे देऊन ठेवा. ऊन लागत राहिलं की प्लास्टिक ठिसूळ होतं. ज्याच्याकडे ठेवाल तोच तुमचा पहिला गुरू, त्याला चहा पाजत जा.

जुनी मिळत असेल तर जरूर बघा. शेपटीचा तळ बघा, वाळूत ओढून झिजलेला असतो. आरपार भोकांच्या कडेला नखाने चाचपा, होडी ओढायच्या ट्रॉलीचे दांडे घालून तिथेच भेगा पडतात. मग होडीच्या पोटात दोन बादल्या पाणी ओता आणि तळ न्याहाळा. पॉलिथिलिनला गोंद धरत नाही. भेग तापवून त्याच प्लास्टिकने वेल्ड करावी लागते, आणि ते काम नीट करणारा माणूस मी अजून शोधतो आहे.

प्रश्न : मी दादरची, वय ५८, गुडघे दुखतात. नातवाबरोबर कयाकमध्ये बसता येईल का? – एक वाचक

उत्तर : ताई, बसता येईल, उठताना त्रास होईल. किनाऱ्यावर येताना घोटाभर पाण्यात उतरू नका, मांडीभर पाण्यात उतरा. होडीच्या एका बाजूला दोन्ही पाय सोडा आणि पाण्याला थोडं वजन घेऊ द्या. दोघांचीही लाइफ जॅकेट घातलेली आणि पट्टे लावलेले. नातवाला पुढे बसवा, म्हणजे तो तुमच्या नजरेसमोर राहील.