जांभ्याच्या घराचा बाहेरचा रंग

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या जांभ्याच्या घराला एप्रिलमध्ये बाहेरून प्लास्टर झालं, आणि आता पावसाआधी पांढराशुभ्र द्यावा की गडद निळा, हे ठरत नाही. मी दोन्ही देणार नाही.

कोकणात भिंतीचा अर्धा रंग पाऊसच ठरवतो. पागोळ्या अंगणात पडतात, तांबडी माती उडते आणि जोत्यापासून दोन-अडीच फूट भिंत रंगून निघते. आमच्या राजापूरच्या घराला मी हौसेने पांढरा दिला होता. पहिल्याच श्रावणात तो खालून तांबडा झाला आणि दुसऱ्या वर्षी ऊन न लागणारी उत्तरेची भिंत शेवाळाने काळी पडली. तेव्हापासून खाली विटकरी पट्टा ठेवतो. पूर्वी गेरूचा पट्टा मारत तो याचसाठी. वर मात्र वाळूसारखा किंवा फिका पिवळट रंग घ्या. कौलांशी तो छान जुळतो आणि डागही पोटात घेतो.

गडद निळ्याने भिंत तापते, बारीक भेगा वाढतात, आणि खार फुटला, म्हणजे भिंतीतला क्षार ओलीबरोबर बाहेर आला, की पांढरे चट्टे लांबूनही दिसतात. गेरू, पिवळी माती या कुळातले रंग लोखंडाच्या ऑक्साइडचे असतात, ते उन्हात टिकतात. चटक गुलाबी, जांभळे बहुधा लवकर विटतात.

शेडकार्डावर विसंबू नका. मोठ्या भिंतीवर, उन्हात, तोच रंग जास्त उजळ आणि भडक दिसतो, म्हणून मनात असेल त्याहून एक पायरी मळकट निवडा. लहान डबा आणून, प्रायमरवर दोन हात देऊन, तीन बाय तीन फुटांचे नमुने दक्षिण आणि उत्तर अशा दोन्ही भिंतींवर काढा. सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला बघा. घरातल्या सगळ्यांना दाखवा, वाद आत्ताच होऊ देत.

आणि कृपा करून घाई करू नका. पाणी मारणं थांबल्यावर नवं प्लास्टर निदान 28 दिवस सुकायला हवं. त्याआधी दिलेल्या रंगाला आतला क्षार खातो आणि पोपडे निघतात. तुमच्याकडे मे अखेर जेमतेम उरते. एक पावसाळा प्लास्टर तसंच राहू द्या. भेगा कुठे पडतात, पाणी कुठून झिरपतं ते कळेल. त्या बुजवून, शेवाळ घासून, नोव्हेंबरात बाहेरच्या भिंतींसाठीचा अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) द्या. जोत्याचा उघडा जांभा मात्र रंगवू नका, त्यातली ओल बाहेर पडायला वाट राहू दे.