विद्यापीठांना बाजारातलं इंटरनेट मिळत असताना संशोधन-शिक्षणासाठी वेगळं राष्ट्रीय नेटवर्क कशाला? आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा?

अशा एका नेटवर्कच्या ऑपरेशन सेंटरमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत. त्यामुळे ‘कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, आणि खर्चाचा प्रश्न तर दरवर्षी.

आधी ‘कशाला’. कंपन्या विकतात ते इंटरनेट हजारो ग्राहक थोडं थोडं वापरतील या हिशोबाने आखलेलं असतं. संशोधकाची गरज बरोबर उलट. महिन्यातले २५ दिवस तो काहीच पाठवत नाही, आणि मग एका रात्रीत त्याला अख्खी लिंक हवी असते.

एक प्रसंग सांगतो. एका प्रयोगशाळेला १० टेराबाइट डेटा परदेशातल्या सहकाऱ्यांना पाठवायचा होता. लिंक सेकंदाला १० गिगाबिटची, म्हणजे हिशोबाने सव्वादोन तासांचं काम. प्रत्यक्षात स्क्रीनवर अंदाज दिसत होता दोन महिन्यांचा. ती मंडळी हार्ड डिस्क कुरिअरने पाठवायच्या तयारीला लागली होती. आम्ही एकेक टप्पा तपासत गेलो, तेव्हा कळलं की वाटेत साधारण दहा हजारांत एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, गळतंय. एवढ्या गळतीने वेबसाइट उघडायला काही फरक पडत नाही. पण दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर पॅकेट हरवलं की टीसीपीला, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाटतं रस्त्यात गर्दी आहे. त्याच्या पारंपरिक पद्धतीत ते वेग निम्म्यावर आणतं आणि पुन्हा मुंगीच्या पावलांनी चढवतं. अशा वेळी एका प्रवाहाला जेमतेम १२ ते १५ मेगाबिट मिळतात, लिंक कितीही मोठी असो. दोष निघाला एका पॅच कॉर्डच्या, म्हणजे उपकरणं जोडणाऱ्या छोट्या फायबर केबलच्या, टोकात. कनेक्टर मायक्रोस्कोपखाली धरला तर डाग दिसला. फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, त्यावर एवढासा डाग पुरतो. टोक पुसून परत लावलं आणि त्याच रात्री डेटा पोचला.

नेहमीच्या सेवा करारात हा बिघाड ठरतच नाही, कारण लिंक तर ‘अप’ असते. एका संशोधकाच्या एका फाइलसाठी वाटेतल्या प्रत्येक नेटवर्कच्या लोकांना फोन करून दोष हुडकणं हे ज्यांचं कामच आहे, अशी माणसं लागतात. आणि लिंक मुद्दाम अर्धी रिकामी ठेवावी लागते. त्या रिकाम्या जागेला बाहेरचे लोक उधळपट्टी म्हणतात. माझ्या मते या नेटवर्कचं खरं मोल त्या रिकाम्या जागेतच आहे.

आता पैसे. एक जुना मार्ग वर्गणीचा. १९८१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बिटनेट या विद्यापीठांच्या नेटवर्कमध्ये नव्या विद्यापीठाने जवळच्या सदस्यापर्यंतच्या लाइनचं भाडं स्वतः भरायचं, आणि पुढे कोणी आलं तर त्याला आपल्याकडून जोडू द्यायचं, एवढाच नियम होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या, संगणकशास्त्र विभागांना जोडणाऱ्या सीएसनेटला सरकारी विज्ञान संस्थेने म्हणजे एनएसएफने काही वर्षांचं अनुदान दिलं, पण अट घातली की पुढे सदस्यांच्या शुल्कावर जगायचं. आणि ते जगलं. पुढच्या एनएसएफनेटमध्ये तर खर्चाचे थरच पाडले. देशभरचा कणा एनएसएफच्या पैशातून, प्रादेशिक नेटवर्कांना सुरुवातीची मदत, आणि आवारातल्या तारा विद्यापीठांनी आपापल्या घालायच्या. १९८६ मध्ये हा कणा ५६ किलोबिटचा होता, १९८८ मध्ये दीड मेगाबिटचा झाला. त्या टप्प्यात आयबीएम, एमसीआय आणि मिशिगन राज्यानेही भर घातली. १९९५ च्या एप्रिलमध्ये तो बंद केला, तोवर खाली उभी राहिलेली नेटवर्कं आपल्या पायांवर चालायला लागली होती.

न्यूझीलंडचा मार्ग वेगळा, आणि मला तो फार शिकण्यासारखा वाटतो. १९८९ मध्ये तिथल्या सहा विद्यापीठांनी परदेशी लिंक घेतली, ९६०० बिटची, आणि खर्चाचे सहा सारखे भाग केले. पण अशा वाटणीत कमी वापरणाऱ्यालाही तेवढंच बिल. म्हणून पुढच्याच वर्षी वापराप्रमाणे आकारणी आली. पण ती टप्प्यांची होती. प्रत्येकाने आपल्या वापराचा टप्पा आधी ठरवायचा, आणि वापर सातत्याने वर गेला तरच पुढचा टप्पा लागायचा. एखाद्या महिन्यात वापर उसळला म्हणून लगेच कोणाला शिक्षा नाही. लिंक चिमुकली आणि महाग होती, त्या काळी हे अगदी रास्त होतं.

आज मात्र गिगाबाइटमागे पैसे लावायला माझा ठाम विरोध आहे. एकदा फायबर पेटवलं, म्हणजे उपकरणं लावून चालू केलं, की जास्तीचं गिगाबाइट जवळपास फुकट जातं, पण मीटर दिसला की विभागप्रमुख संशोधकाला ‘जरा जपून’ म्हणतो, आणि ज्यासाठी नेटवर्क बांधलं तेच थांबतं. शुल्क लावावं ते जोडणीच्या क्षमतेवर आणि संस्थेच्या आकारावर, वर्षभराचं ठरलेलं, अंतराशी संबंध न ठेवता. पोस्टाच्या तिकिटासारखं. दूरच्या लहान कॉलेजला राजधानीतल्या तेवढ्याच कॉलेजइतका दर. यावर मोठी विद्यापीठं हमखास म्हणतात की आम्ही आमचं स्वस्तात घेऊ. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारण दोन-तीन मोठे सदस्य गेले की बाकीच्यांचा भार वाढतो आणि आणखी जातात. त्यांना थोपवण्यासाठी माझ्याकडे भाषण नाही, त्या १० टेराबाइटसारखी कामं आहेत. शिवाय एड्युरोम. आपल्या विद्यापीठाच्या लॉगिनने जगातल्या शंभराहून अधिक देशांत वायफाय मिळतं, हे प्राध्यापकांना लगेच पटतं.

सरकारचा पैसा कुठे हवा? जिथे रक्कम मोठी आणि एकदाच लागते तिथे. डार्क फायबर, म्हणजे अजून न पेटवलेली केबल, १५-२० वर्षांच्या वापरहक्काने एकरकमी घेता येतं. त्यानंतर वेग वाढवायचा तर फक्त दोन्ही टोकांची उपकरणं बदलायची, खोदकाम नाही. भारताने २०१० मध्ये नॅशनल नॉलेज नेटवर्कसाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. एकदम सगळीकडे पोचायचं तर वर्गणीची वाट बघून चालत नाही. युरोपात देशोदेशींची नेटवर्कं जोडणाऱ्या जिआँलाही युरोपीय संघाचा आणि सदस्य नेटवर्कांचा असा दुहेरी आधार आहे.

घोळ होतो तो पुढे. अनुदानातून उद्घाटन होतं, फायबर तुटलं की रात्री निघणाऱ्या माणसाचा पगार होत नाही. एका नेटवर्कमध्ये मी पाहिलं आहे, राउटरचा सपोर्ट संपलेला, नव्यासाठी तरतूद नाही, आणि तिथला इंजिनिअर बंद पडलेल्या राउटरचा पॉवर सप्लाय काढून चालू राउटरला बसवत होता. त्याच्या हाताखाली कोणी नव्हतं, आणि त्याला बाहेर दुप्पट पगाराची नोकरी मिळत होती. तो गेला असता तर फायबर कुठून कुठे जातं हे सांगणारंही कोणी उरलं नसतं.

म्हणून कुठलाही प्रस्ताव हातात आला की मी पहिल्या वर्षाचा खर्च नंतर बघतो, आधी सहाव्या वर्षाचं पान उघडतो. तोवर उपकरणं म्हातारी होतात आणि अनुदान संपलेलं असतं. उपकरणांच्या बदलीचा निधी पहिल्या वर्षापासून बाजूला पडतोय का, चार-पाच पक्क्या इंजिनिअरांचा पगार सदस्यांच्या शुल्कातून निघतोय का, एवढंच मी त्यात शोधतो. तुमच्यासमोर असा प्रस्ताव असेल आणि त्यात ते पानच नसेल, तर सहीपूर्वी ते मागून घ्या.