आधी यादी, मग अन्सिबल

प्रश्न : आमच्या सर्व्हर रूममध्ये २ स्पाइन (मधले, लीफना जोडणारे) आणि ६ लीफ (सर्व्हर जोडलेले) स्विच आहेत. ईव्हीपीएन-व्हीएक्सलॅन (एकच नेटवर्क सगळ्या लीफवर पसरवायची पद्धत) चालतं, पण नवा व्हीलॅन (वेगळं आभासी नेटवर्क) आला की सहाही लीफवर हाताने कमांड द्याव्या लागतात आणि एखादा लीफ हमखास राहतो. अन्सिबलकडे (स्विचना कॉन्फिग आपोआप देणारं साधन) वळायचंय. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : यादीपासून. कोणत्या लीफचं कोणतं पोर्ट कोणत्या स्पाइनला जातं, लूपबॅक (स्विचचा स्वतःचा पत्ता), एएस क्रमांक (बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलमधली त्याची ओळख), कुठे कोणता व्हीलॅन, हे सगळं एका जागी हवं. आठ स्विचसाठी गिटमधली (बदलांची नोंद ठेवणारं साधन) एक यामल फाइल (साधी मजकुरी यादी) पुरे. नेटबॉक्स, म्हणजे अशा याद्यांचा डेटाबेस, नंतर आणा. पत्ते हाताने लिहू नका, टेम्प्लेटला (कॉन्फिगच्या साच्याला) काढू द्या. तुमच्याकडे १२ लिंक. प्रत्येकीला /३१ (दोन पत्त्यांचा गट) दिला तर २४ पत्ते, एका /२७ मध्ये (३२ पत्ते) मावतात. एएस क्रमांक खासगी पट्ट्यातले घ्या : दोन्ही स्पाइन ६५०००, लीफ ६५००१ ते ६५००६.

पहिली ठेच लागते ती ‘मर्ज’ला, म्हणजे आहे त्या कॉन्फिगमध्ये नवं मिसळण्याला. फाइलमधून व्हीलॅन काढला तरी स्विचवर तो तसाच राहतो, कारण मर्ज फक्त भर घालतं. उलट पूर्ण कॉन्फिग बदलायचं ठरवलं, तर रात्री कुणी परस्पर केलेला ‘एवढाच एक’ बदल पुढच्या रनला पुसला जातो आणि शिव्या स्क्रिप्टला बसतात. तरी पूर्ण कॉन्फिग बदलण्याचाच मार्ग बरा; मात्र आधी सगळ्यांचे थेट लॉगिन आवरा.

दुसरी ठेच एमटीयूची, म्हणजे लिंकवरून जाणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराची. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटवर ५० बाइट चढवतं. लिंक १५०० वरच राहिली तर साधा पिंग जातो, लॉगिनही होतं, पण बॅकअप अडकतो, आणि माणूस दिवसभर फायरवॉल तपासत बसतो. लीफ-स्पाइन लिंकवर ९२१६ टाका. मग वेगवेगळ्या लीफवरच्या दोन सर्व्हरमध्ये, तुकडे न करण्याची अट घालून, १४७२ बाइटचा पिंग मारा.

चालवण्याआधी एलएलडीपीने (शेजारचा स्विच कोणता ते सांगणारा प्रोटोकॉल) केबल यादीशी ताडा; दोन केबल अदलाबदल झालेल्या सापडतातच. मग अन्सिबलला ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावून, काहीही न बदलता, काय बदलेल ते नुसतं बघा. खरं चालवताना ‘सिरियल’ (एका वेळी किती स्विच) १ ठेवा : एक लीफ, त्याचे दोन्ही बीजीपी शेजारी उभे राहिलेले दिसले की पुढचा. सहाही एकदम केलेत तर एक चूक सहा ठिकाणी पोचते.

प्रश्न : नवा स्विच झेडटीपीने (सुरू होताच सर्व्हरवरून आपोआप कॉन्फिग घेण्याची सोय) कॉन्फिग घेत नाही. (धुळे)

उत्तर : जुनं स्टार्टअप कॉन्फिग शिल्लक असेल तर झेडटीपी सुरूच होत नाही, पुसून रीबूट करा. केबल मॅनेजमेंट पोर्टलाच आहे ना? डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारा) दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर रिले (विनंती तिकडे पोचवणारा) लागेल. डीएचसीपीच्या ऑप्शन ६७ मधला कॉन्फिग फाइलचा मार्ग अक्षर न् अक्षर तपासा, सिरियल नंबरातला शून्य आणि ‘ओ’ही. आणि हा डीएचसीपी व कॉन्फिग देणारा सर्व्हर त्याच फॅब्रिकवरच्या (या स्विचच्या जाळ्यावरच्या) व्हीएमवर (आभासी संगणकावर) ठेवू नका. मे महिन्यात एसी बंद पडला, सगळं बंद करून पुन्हा उठवायचं आणि त्यातच एक स्विच बदलायचा झाला, तर फॅब्रिकशिवाय व्हीएम नाही आणि व्हीएमशिवाय नव्या स्विचला कॉन्फिग नाही.